तळ्याकाठी मुक्काम : वाचकांचे प्रश्न

झाडीच्या डोंगरांमधल्या शांत तळ्याकाठी तंबूत राहण्याविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. निम्म्याहून अधिक तक्रारींचं मूळ एकच आहे : तंबू पाण्याच्या फार जवळ लावला जातो. म्हणून पहिलं उत्तर मुद्दाम सविस्तर दिलं आहे.

प्रश्न : काठापासून पाच-सहा मीटरवर तंबू लावला होता. आकाश निरभ्र होतं, पाऊस अजिबात नव्हता. तरी पहाटे आतून थेंब टपकत होते आणि स्लीपिंग बॅगा ओल्या झाल्या. तंबू नवा आहे. सदोष म्हणून परत करावा का?

परत करू नका, तंबू गळत नाही. हे पाणी हवेतलं आणि तुमच्या श्वासातलं आहे. झोपेतही माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून बाष्प बाहेर पडत राहतं. दोघं जण आठ तास झोपले तर ते अर्धा लिटरच्या आसपास भरतं. निरभ्र रात्री तंबूचं बाहेरचं आवरण, म्हणजे फ्लाय, आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं. त्या थंड कापडाला आतली दमट हवा लागली की तिचं पाणी होतं.

तळ्याकाठी यात आणखी भर पडते. सूर्य मावळला की डोंगरउतारावरची हवा गार आणि जड होते, ओढ्या-नाल्यांच्या वाटेनं खाली उतरते आणि तळ्याच्या खोलगट भागात साठते. पाणी त्या हवेपेक्षा कोमट असेल तर त्यावरून उठणारी वाफ लगेच धुक्यात बदलते. पहाटे पाण्यावर दिसणारं ते देखणं धुकं काठावरच्या तंबूला चारही बाजूंनी वेढून असतं. हवा आधीच बाष्पानं भरलेली असेल तर खिडक्या उघडूनही फारसा उपयोग होत नाही.

म्हणून जागा बदला. काठापासून किमान ६० मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण ऐंशी पावलं दूर जा आणि शक्य असेल तर दहा-पंधरा मीटर उंचीवरची सपाटी निवडा. थंड हवेचं डबकं खाली राहतं आणि उतारावरचा मधला पट्टा रात्री बऱ्याचदा त्याहून उबदार असतो. ओढ्याचं तोंड आणि दोन टेकड्यांमधली घळ टाळा, गार हवा तिथूनच वाहते. जागा आखून दिलेल्या असतील तर त्यातल्या त्यात चढावरची मागा. पाणी दिसण्यासाठी पाण्याला चिकटून राहायची गरज नसते, थोड्या उंचीवरून तळं जास्तच चांगलं दिसतं.

झाडांच्या छायेत दव कमी पडतं, कारण फांद्या फ्लाय आणि आकाश यांच्या मध्ये येतात. पण त्याआधी वर बघा. वाळलेली, अर्धवट तुटून अडकलेली फांदी किंवा उभं वाळलेलं झाड दिसलं तर त्याच्या उंचीइतकं तरी अंतर सोडा. अशी फांदी पडायला वादळच लागतं असं नाही.

आता वायुवीजन. वरचे झरोके पूर्ण उघडे ठेवा आणि फ्लायची खालची कड जमिनीपासून दहा-बारा सेंटिमीटर वर राहील अशी ताणा. गार हवा खालून येते, दमट हवा वरून जाते. यातलं एकच तोंड उघडं असेल तर खेळती हवा राहत नाही. फ्लाय आणि आतली जाळी एकमेकांना टेकता कामा नयेत. ओले कपडे, बूट, टॉवेल बाहेर ठेवा. थंडी वाजते म्हणून झरोके बंद करू नका, ओली झालेली स्लीपिंग बॅग त्याहून जास्त थंडी देते.

गळती आणि दव यांतला फरक ओळखणं सोपं आहे. फ्लायच्या आतल्या बाजूला सगळीकडे सारखे बारीक थेंब असतील तर ते दव. शिवणीखाली एका रेषेत किंवा एकाच कोपऱ्यात ओल असेल, तीही पावसातच, तर ती गळती.

प्रश्न : तंबूखाली चांगला मोठा प्लॅस्टिकचा कागद अंथरला होता, तरी पावसात तळ ओला झाला. भोवती चर खणायला हवा होता का?

कागद मोठा होता म्हणूनच तळ ओला झाला. फ्लायवरून ओघळणारं पाणी बाहेर आलेल्या कडेवर पडतं आणि कागद व तंबूचा तळ यांच्यामध्ये साचतं. खालचा कागद तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी पाच सेंटिमीटर लहान हवा. मोठा असेल तर कडा आतल्या बाजूला, खालच्या अंगाला दुमडा.

चर खणू नका. मुळं तुटतात, माती सैल होते आणि पुढच्या पावसात तिथून घळ पडायला सुरुवात होते. त्याऐवजी जागा नीट पाहा. वाळून भेगा पडलेला चिखल, एका रेषेत अडकलेला पालापाचोळा, टणक झालेली खोलगट माती, ही पाणी साचण्याची चिन्हं आहेत. अगदी किंचित उतार असलेली जमीन सपाट जमिनीपेक्षा बरी. झोपताना डोकं चढाकडे ठेवा.

तंबूच्या कापडाची पाणी अडवण्याची क्षमता मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. तो आकडा म्हणजे कापडातून पाणी झिरपेपर्यंत त्यावर किती उंच पाण्याचा स्तंभ टिकतो त्याचं माप. फ्लायला १५०० पुरतात. तळाला ३००० किंवा अधिक असावेत, कारण गुडघा किंवा कोपर टेकल्यावर ओल्या जमिनीवर दाब पडतो आणि पाणी वर ढकललं जातं.

खुंट्यांबद्दलही इथेच सांगतो. खुंटी तंबूपासून दूर कलती, जमिनीशी सुमारे ४५ अंशांत ठोका, म्हणजे दोरी तिच्याशी काटकोन करते आणि ओढ बसली तरी ती उपटत नाही. काठाजवळच्या भुसभुशीत मातीत बारीक खुंटी धरत नाही. तिथे रुंद, लांब खुंटी वापरा, नाहीतर हाताएवढ्या जाड लाकडाला मधोमध दोरी बांधून ते आडवं पुरा आणि वर माती दाबून बसवा. नायलॉनचं कापड ओलं झालं की सैल पडतं. पाऊस सुरू झाल्यावर आणि झोपण्यापूर्वी असं दोनदा दोऱ्या ताणून घ्या. पॉलिएस्टरला हा त्रास फारसा नाही.

प्रश्न : माझ्या स्लीपिंग बॅगवर ५ अंश लिहिलं आहे. रात्रीचं तापमान ८ होतं, तरी कुडकुडत काढली. बॅगवरचा आकडा खोटा आहे का?

खोटा नाही, पण तो कोणता आकडा आहे ते पाहा. आयएसओ २३५३७ या मानकानुसार बॅगवर तीन तापमानं असतात. पहिलं आरामाचं, दुसरं मर्यादेचं आणि तिसरं टोकाचं. आरामाचं तापमान सैल अंगानं झोपलेल्या प्रमाण स्त्रीसाठी मोजतात. मर्यादेचं तापमान अंग आखडून झोपलेल्या प्रमाण पुरुषासाठी असतं. टोकाच्या तापमानाला जीव वाचतो, झोप लागत नाही, उलट अंग गारठून धोका संभवतो. बॅगवर मोठ्या अक्षरात बहुधा मर्यादेचं तापमान छापतात. खरेदी आरामाच्या आकड्यावरून करा आणि अपेक्षित किमान तापमानापेक्षा तो पाच अंशांनी खालचा निवडा. डोंगरात दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, हेही पायथ्याच्या हवामानाचा अंदाज वाचताना हिशेबात धरा.

पण तुमच्या पत्रात मॅटचा उल्लेख नाही, आणि बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो. अंगाखालची बॅग वजनानं दबते, तिच्यातली हवा निघून जाते आणि त्या बाजूला ऊब उरत नाही. खालून येणारी थंडी फक्त मॅट अडवते. मॅटची क्षमता आर-व्हॅल्यू या आकड्यानं मोजतात. साध्या फोमच्या कॅरीमॅटची ती २ च्या आसपास असते. नुसत्या हवेनं भरणाऱ्या, आत अस्तर नसलेल्या गादीची त्याहून कमी. ८-१० अंशांना २ चालते, शून्याच्या जवळ ४ हवी. दोन मॅट एकावर एक ठेवल्या की आकड्यांची बेरीज होते, म्हणून दुसरी कॅरीमॅट हा सगळ्यात स्वस्तातला उपाय आहे.

झोपताना दिवसभराचे घामेजलेले मोजे आणि बनियन बदला. झाकण घट्ट बसणाऱ्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घालून मांड्यांच्या मध्ये ठेवा. नाक-तोंड बॅगेच्या आत घेऊन झोपू नका, श्वासातलं बाष्प आत अडकतं.

प्रश्न : तळ्याचं पाणी काचेसारखं स्वच्छ आहे. कापडानं गाळून प्यायलं तर चालेल ना?

चालणार नाही. जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम हे परजीवी, जिवाणू आणि विषाणू डोळ्यांना दिसत नाहीत आणि कापडातून सहज जातात. सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे उकळणं : खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, म्हणून तिथे वेळ जास्त.

०.१ किंवा ०.२ मायक्रॉनची गाळणी परजीवी आणि जिवाणू अडवते, विषाणू अडवत नाही. क्लोरीन विषाणू आणि जिवाणू मारतं, पण क्रिप्टोस्पोरिडियमवर जवळपास चालत नाही. त्यामुळे न उकळता प्यायचं असेल तर आधी गाळणी, मग क्लोरीनची गोळी आणि अर्धा तास थांबणं, अशी जोडी लागते. पाणी गढूळ असेल तर आधी भांड्यात निवळू द्या, नाहीतर गाळणी लगेच तुंबते. पोकळ तंतूंची गाळणी ओली असताना गोठली की आतून तडकते. बाहेरून काही दिसत नाही, पण ती निकामी झालेली असते. गोठवणाऱ्या रात्री ती पिशवीत घालून स्लीपिंग बॅगेत घ्या.

एका बाबतीत मात्र उकळूनही उपयोग नाही. पाण्यावर हिरवट-निळसर रंग सांडल्यासारखा तवंग असेल तर ते नील-हरित शैवाल असू शकतं. त्यातली काही विषारी असतात, आणि ते विष उकळल्यानं जात नाही की साध्या गाळणीत अडकत नाही. असं पाणी पिऊ नका, त्यात पोहू नका, कुत्र्यालाही उतरू देऊ नका. वारा हा तवंग एका काठाला ढकलतो, म्हणून समोरचा काठ स्वच्छ दिसला तरी ते तळं पिण्यासाठी सोडून द्या. पिणं आणि स्वयंपाक मिळून माणशी रोज चार लिटर धरा आणि अशा वेळी तेवढं पाणी बरोबर न्या.

प्रश्न : गॅसचा डबा अर्धा भरलेला असूनही पहाटे शेगडी मिणमिणते. तसंच चौघांना तीन दिवसांसाठी किती गॅस न्यावा?

डब्यात द्रवरूप प्रोपेन, आयसोब्युटेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, आयसोब्युटेन उणे १२ च्या जवळ, साधा ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला. वापरताना प्रोपेन आधी निघून जातो, त्यामुळे अर्ध्या डब्यात आळशी ब्युटेनचं प्रमाण वाढलेलं असतं. शिवाय द्रवाची वाफ होताना डबा स्वतःच थंड होत जातो. पहाटे हे सगळं एकत्र येतं आणि डब्यातला दाब कमी होतो.

रात्री डबा स्लीपिंग बॅगेत ठेवा. शेगडी पेटवताना तो ओल्या जमिनीवर न ठेवता लाकडाच्या फळीवर ठेवा, किंवा पसरट भांड्यात दोन-तीन सेंटिमीटर कोमट पाणी घेऊन त्यात उभा करा. हाताला सोसेल इतकंच कोमट. गरम पाणी किंवा ज्योत कधीही नाही. डब्यावरच बसणाऱ्या शेगडीला चहूबाजूंनी वाराआडोसा गुंडाळू नका, डबा तापून फुटू शकतो. आडोसा फक्त वाऱ्याच्या बाजूला आणि हातभर दूर. आणि शेगडी असो वा निखारे, तंबूच्या आत नाही, दार उघडं ठेवूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग किंवा वास नसतो. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं जाणवलं तर ताबडतोब मोकळ्या हवेत या.

हिशेब असा : वारा नसताना, झाकण ठेवून एक लिटर पाणी उकळायला १२ ते १५ ग्रॅम गॅस लागतो. माणशी रोज दीड लिटर उकळलेलं पाणी धरलं तर चौघांना तीन दिवसांत १८ लिटर, म्हणजे २७० ग्रॅम. थंडी-वाऱ्यासाठी चौथाई वाढवा : ३४० ग्रॅम. पिण्याचं सगळं पाणीही उकळणार असाल तर हा आकडा दुपटीहून वर जाईल, तेव्हा गाळणी नेणं सोयीचं.

प्रश्न : रात्री शेकोटीवर माती टाकून झोपलो. सकाळी खाली निखारे तसेच लाल होते. हे कसं?

माती निखाऱ्यांवर पांघरुणासारखी बसते. आतली उष्णता कोंडते, हवा थोडी थोडी मिळत राहते आणि निखारे तासन् तास धुमसतात. झाडीत याचा धोका मोठा, कारण कुजलेला पालापाचोळा आणि मुळं जमिनीखाली धुमसत जाऊन दूर कुठेतरी पेट घेऊ शकतात. त्यातून लागलेला वणवा लावणाऱ्याला कळतही नाही.

झोपण्यापूर्वी तासभर आधी लाकूड घालणं थांबवा. उरलेलं जळून राख होऊ द्या. मग पाणी ओता, काठीनं ढवळा, अर्धवट जळालेली लाकडं खरवडा, पुन्हा पाणी ओता. चुर्र आवाज येणं थांबेपर्यंत हे करा. मध्यम शेकोटीला दहा लिटर तरी लागतात, ते पेटवण्याआधीच भरून ठेवा. शेवटी हाताचा पालथा पंजा आधी राखेजवळ नेऊन पाहा, मग राखेला लावा. ऊब लागली तर विस्तव अजून आहे.

शेकोटी ठरवून दिलेल्या दगडांच्या रिंगणातच लावा, मनगटापेक्षा जाड लाकूड घेऊ नका आणि वारा असेल तर लावूच नका. पाण्यातून काढलेले दगड रिंगणाला वापरू नका. त्यांच्या छिद्रांत शिरलेल्या पाण्याची वाफ होते आणि दगड फुटून कपचे उडतात. लाकूड लांबून आणू नका, सालीखालची कीड नव्या रानात पसरते.

प्रश्न : निसर्गात विघटन होणारा साबण असेल तर तळ्यात भांडी घासली तर चालतील का?

नाही. त्याचं विघटन मातीतल्या जिवाणूंमुळे होतं, पाण्यात ते फार सावकाश होतं आणि तोवर साबण माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. पाणी ६० मीटर दूर नेऊन भांडी घासा, अन्नाचे कण गाळून कचऱ्यात घ्या आणि पाणी मातीवर पसरून टाका. शौचालय असेल तर तेच वापरा. नसेल तर पाण्यापासून, वाटेपासून आणि तंबूपासून तेवढंच अंतर ठेवून काळ्या मातीत १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करा, नंतर माती लोटून बुजवा. कागद परत न्या.

प्रश्न : आम्ही हळू आवाजात गप्पा मारत होतो, तरी समोरच्या काठावरच्या लोकांनी तक्रार केली. इतक्या लांब आवाज जातो?

जातो, आणि शब्द न् शब्द जातो. वारा पडल्यावर खालची हवा गार आणि वरची तुलनेनं गरम असते. ध्वनी गरम हवेत जास्त वेगानं जातो, १० अंशांना सेकंदाला ३३७ मीटर, २० अंशांना ३४३. या फरकामुळे वर निघालेल्या ध्वनिलहरी वाकून पुन्हा खाली येतात. खाली पाण्याचा गुळगुळीत पृष्ठभाग त्या शोषत नाही, पुढे परावर्तित करतो. मध्ये झाडही नसतं. उन्हाच्या वेळी विरून गेला असता असा आवाज रात्री अर्धा किलोमीटर पोचतो.

गप्पांची बैठक काठावर न घेता झाडांच्या मागे घ्या. गाडीचं दार, भांड्यांचा खणखणाट आणि स्पीकर यांचा आवाज माणसाच्या बोलण्यापेक्षा जास्त टोचतो. अंधार पडण्याआधी गाडीतलं सामान काढून घ्या. शांत तळ्याकाठी लोक ज्या शांततेसाठी येतात ती अशी सहज मोडते, म्हणून हा प्रश्न विचारलात याचा आनंद वाटला.

प्रश्न : मुलं पोहायला उतरणार आहेत. काय काळजी घ्यावी?

वरचं पाणी कोमट लागलं तरी मीटर-दोन मीटर खाली ते एकदम थंड असू शकतं. पाण्याचं तापमान १५ अंशांखाली असेल तर पहिल्या मिनिटात श्वास आपोआप जोरात ओढला जातो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणी छातीत जातं. सुमारे दहा मिनिटांत हात-पाय नीट चालेनासे होतात, चांगल्या पोहणाऱ्याचेही. म्हणून उडी मारायची नाही, चालत उतरायचं. मुलांना जीवरक्षक जाकीट, आणि एक मोठं माणूस हात पोचेल इतक्या अंतरावर, पाण्यातच. तळाशी गाळ, वेली आणि अचानक येणारी खोली असते. कोणी अडचणीत सापडलं तर त्याच्यामागे उडी घेऊ नका. दोरी फेका, काठी पुढे करा. १५ मीटरची तरंगणारी दोरी काठावर तयार ठेवा.

प्रश्न : वीज चमकत असताना तंबूत थांबणं सुरक्षित आहे का?

नाही, तंबू विजेपासून कोणतंही संरक्षण देत नाही. लखलखाट आणि गडगडाट यांच्यामधले सेकंद मोजा, तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. अंतर तीस सेकंदांच्या आत आलं की पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या, लोखंडी छताच्या गाडीत जा. पाण्यातून आधीच बाहेर या, एकट्या उंच झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा.

प्रश्न : निघताना तंबू ओलाच असतो. तसाच गुंडाळला तर खराब होतो का?

एका दिवसात काही होत नाही, आठवड्यात होतं. कापडाला बुरशीचे काळे डाग पडतात, ते नंतर निघत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा थर ओलाव्यानं हळूहळू विघटित होतो, चिकट होतो आणि त्याला आंबूस वास येतो. त्या अवस्थेत पोचलेला तंबू दुरुस्त होत नाही.

निघताना फ्लाय दोघांनी धरून झटका, कोरड्या फडक्यानं पुसा आणि आतल्या भागापासून वेगळ्या, सैल पिशवीत भरा. एकत्र गुंडाळलं की कोरडा भागही भिजतो. पोचल्यावर चोवीस तासांच्या आत सावलीत, वारा खेळेल असं पसरून वाळवा. उन्हात दिवसेंदिवस ठेवू नका, नायलॉन कमजोर होतं. शिवणी आणि कोपरे सगळ्यात शेवटी वाळतात, हात लावून बघा. धुवायचं असेल तर साधं पाणी आणि मऊ स्पंज, यंत्रात नाही. चेनमधली वाळू जुन्या टूथब्रशनं काढा. वाळू असताना ओढली की सरकती कडी फाकते आणि दात जुळत नाहीत. काठ्या दुमडताना टोकाकडून नाही, मधल्या जोडापासून सुरुवात करा, म्हणजे आतल्या लवचिक दोरीवर दोन्हीकडे सारखा ताण येतो.